बाजूला सारलेलं ताट

ता. ११ नोव्हेंबर

चिरंजीव मोठ्या,

अब्बांचा सलाम आणि जीव भरून दुआ. सूनबाईंनाही सलाम सांग. चिमणी सासरी रमली असं धाकटीकडून कळलं, ऐकून बरं वाटलं. नात सासरी रमली की आजोबाला बरं वाटतं, थोडं वाईटही वाटतं.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहायला बसलो. पत्राचं एक चांगलं असतं. ते वाजत नाही, त्यामुळे कुणाला बंद करावं लागत नाही. फार तर तू ते गल्ल्यात टाकशील आणि एखाद्या रिकाम्या दुपारी उघडशील. तुझ्या आचाऱ्याच्या धंद्यात रिकामी दुपार कमीच, ठाऊक आहे मला. तरी.

इकडे सगळं ठीक. समोरच्या शाळेत तिसरीच्या वर्गाला सध्या चांदण्यांवरची एक कविता आहे. छापखान्यात असताना तिची प्रुफं मीच तपासली होती, त्यामुळे ती मला आपल्या घरातलीच वाटते. मुलं एका सुरात म्हणतात, बाई टेबलावर पट्टीने ताल धरतात, आणि शेवटचं कडवं आलं की नेमकी घंटा होते. मग ते कडवं मी इकडे गॅलरीत बसून पुरं करतो, चांगलं मोठ्याने. खालचा शिंपी मान वर करून ओरडतो, "चाचा, पास झालात!" या वयात कुणी पास म्हटलं की तेवढंच बरं वाटतं.

तुझी अम्मी म्हणायची, "तुम्हाला अख्खं पुस्तक पाठ, पण बाजारातून काय आणायचं ते दारापर्यंतही लक्षात राहत नाही." बघ, 'म्हणायची' लिहून गेलो. ते 'म्हणते' असं वाच. प्रुफं तपासणाऱ्याच्या हातून अशी चूक व्हायला नको होती.

बरी आहे ती. बसते, तस्बीहचे मणी ओढते, माझा स्वयंपाक बघून गालातल्या गालात हसते. हो, स्वयंपाक सध्या मीच करतो. मऊ भात, डाळीचं पाणी, असलंच काहीतरी. तू बघितलंस तर कपाळावर हात मारशील.

परवा तो भात ढवळताना एकदम तू आठवलास. लहान होतास, दस्तरखानावर मांडी घालून बसला होतास आणि ताटात कारलं होतं. तू नाक मुरडून "छी" म्हणालास आणि अम्मीने पुढे होऊन तुझ्या तोंडावर हात ठेवला. रागाने नाही, कलंडणारं भांडं सावरतात तसा. म्हणाली, "आपल्या पैगंबरांनी उभ्या आयुष्यात अन्नाला नाव ठेवलं नाही. आवडलं तर खाल्लं, नाही आवडलं तर राहू दिलं. तूही तसंच कर. ताट पुढे सार, पण नाव ठेवू नकोस." तू ताट दोन बोटं पुढे सारलंस. तेव्हापासून आपल्या घरात ती खूणच होऊन बसली. खारट असो, आळणी असो, करपलेलं असो, कुणी चकार शब्द काढायचा नाही. ज्याला नको असेल त्याने ताट दोन बोटं पुढे सारायचं. अम्मी मुकाट्याने उचलून न्यायची आणि 'का' म्हणून कधी विचारायची नाही.

मला तेव्हा गंमत वाटायची. मी दिवसभर दुसऱ्यांच्या मजकुराला नावं ठेवून पोट भरायचो, आणि त्याच पोटात जाणाऱ्या अन्नाला नाव ठेवायची मला घरात मुभा नव्हती.

आणि ते पोटाचे तीन वाटे! पाठ ताठ राहील एवढे घास माणसाला पुरेत, त्याहून जास्त हवंच असेल तर एक वाटा जेवणाला, एक पाण्याला, एक श्वासाला. पैगंबरांची ही हदीस ती वाढता वाढता सांगायची. तू ताट पुढे करून म्हणायचास, "अम्मी, माझ्या श्वासालाही रश्श्याचा वास लागतो, त्याचा वाटा इकडेच टाक." ती ओढणीने तोंड झाकून हसायची आणि आणखी एक डाव वाढायची. स्वतःच्या ताटात मात्र तिसरा वाटा कायम मोकळा. थोडी भूक शिल्लक असतानाच ती हात धुवायची. मला ते एखाद्या कवितेतल्या विरामासारखं वाटायचं. शब्द संपलेले नसतात, पण थांबायचं असतं.

बघ, मी पुन्हा कवितेत शिरलो. मुद्द्यावर यायला हवं. पेन मागे सरतंय, पण येतो.

चिमणीच्या लग्नाचं जेवण तू स्वतः रांधलंस. हाताखाली इतकी माणसं असताना तू आदल्या संध्याकाळपासून हॉलमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चुलाणापुढे उभा होतास, डोळे धुराने लाल. त्याआधी तुझं आणि अम्मीचं थोडं वाजलं होतंच. एका मोठ्या पंगतीनंतर उरलेल्या अन्नाची पिंपं तिने बघितली आणि तुला विचारलं, "तू माणसं जेवू घालतोस की टेबलं? खा-प्या, पण उधळू नका, हे तुला मीच शिकवलं ना?" तू म्हणालास, "अम्मी, लोक मला भरलेल्या टेबलाचे पैसे देतात, मोकळ्या ठेवलेल्या पोटाचे नाही." ते तिथेच संपायला हवं होतं.

लग्नात तिचं ताट तू स्वतः वाढून आणलंस. थोडंच वाढलं होतंस, तिला आवडेल तसं, कडेला काही न सांडता. मला ते दिसलं होतं. तिने बिस्मिल्ला म्हणून एक घास घेतला. जरा वेळ तशीच बसली. आणि मग तिने ताट दोन बोटं पुढे सारलं.

विहीणबाई म्हणाल्या, "अगंबाई, आचाऱ्याच्या आईलाच आवडलं नाही वाटतं!" आजूबाजूचे हसले. त्यांना खूण माहीत नव्हती. तुला होती, मला होती, धाकटीला होती. तू वाकून विचारलंस, "अम्मी, काय कमी पडलं?" तिने नुसती मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तू हातातला डाव तसाच धरून उभा राहिलास आणि म्हणालास, "अख्ख्या शहराचं पोट भरतो मी. एका आईचं भरत नाही."

त्यानंतर तू या घराची पायरी चढला नाहीस.

मलाही वाटलं होतं की तिने तुला धडा दिला. मनातून थोडा अभिमानही वाटला, की बाई तत्त्वाची पक्की आहे, पोटच्या पोराच्या मांडवातही ढळली नाही. पुढे ती बारीक होत गेली तर शेजारणी म्हणायच्या, "या वयात काय हलकं शरीर ठेवलंय!" सोमवार-गुरुवारचे रोजे ती वर्षानुवर्षं ठेवायचीच, मग मधल्या वारीही ठेवू लागली. मी मशिदीत लोकांना कौतुकाने सांगायचो. अर्धी भाकरी पाण्यात भिजवून खायची, मला तो साधेपणा वाटला. पाव वाटी भाताला ती तास लावायची, मला ते सबुरीचं जेवण वाटलं.

धाकटीच्या लक्षात आलं. एका संध्याकाळी रोजा सोडताना अम्मीने खजूर तोंडात घातला आणि तो गिळलाच नाही. गालात धरून बसली, लहान मुलं गोळी लपवतात तशी. धाकटी म्हणाली, "अम्मी, तोंड उघड." अम्मीने तोंड फिरवलं. "अम्मी, उघड म्हणते ना!" मग दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात.

डॉक्टरांनी विचारलं, "गिळता येत नाही का?"

"येतं की. कमी जातं एवढंच."

"केव्हापासून?"

तिने माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाली, "नातीच्या लग्नाच्या आधीपासून."

मोठ्या, हे वाक्य पुन्हा वाच. आधीपासून. त्या दिवशी तुझा घास तिच्या घशाखाली उतरलाच नव्हता. तो अडकला होता. तिला बोलता येत नव्हतं म्हणून तिने मान हलवली. पाहुण्यांसमोर, नातीच्या मांडवात उलटी होऊ नये म्हणून ती श्वास धरून बसली होती, आणि डोळ्यांतलं पाणी त्याचं होतं. तू वाढलेल्या अन्नात काहीही कमी नव्हतं.

डॉक्टरांनी दुखण्याला नाव ठेवलं. ते नाव मी इथे लिहीत नाही. अन्ननलिकेत आहे आणि फार पुढे गेलं आहे, एवढ्यावरून तू समजशील. घरी येताना रिक्षात मी तिला म्हटलं, "त्याला तेव्हाच का नाही सांगितलंस?" म्हणाली, "त्याच्या लेकीच्या लग्नात मी आजाराचं नाव काढू?" मी म्हटलं, "मग नंतर?" तर म्हणते, "नंतर तो रागावला होता. आता कळवलं तर म्हणेल, मरायला टेकली म्हणून गोड बोलते. तुम्हीही कळवायचं नाही." मी मान डोलावली. आणि आज तिचा शब्द मोडून लिहितो आहे.

मशिदीतल्या मौलानांना सांगितलं. ते म्हणाले, "चाचा, कमी खा असं सांगितलंय. उपाशी राहून झिजा असं नाही. शरीराचाही आपल्यावर हक्क असतो, आजाऱ्याला तर रोज्यातूनही सूट आहे. घरात कुणी विचारलं नाही का त्यांना?" आमच्या घरात ताट बाजूला सारणाऱ्याला विचारायची पद्धत नाही, हे त्यांना कसं सांगणार?

आता ती दिवसाला चार-पाच चमचे घेते. तेही धाकटीच्या हट्टापायी. तुझं नाव काढत नाही. पण दारात पाऊल वाजलं की तस्बीहवरचा अंगठा थांबतो, आणि शिंपी किंवा दूधवाला आहे असं कळलं की पुन्हा चालू होतो. मी रोज बघतो.

तू ये. काही बोलू नकोस, माफी नको, कुणी मागायचीही नाही आणि द्यायचीही नाही. काही आणू नकोस. नुसता येऊन तिच्या खाटेशी बस. पण लवकर ये. मी आयुष्यभर स्वल्पविराम आणि पूर्णविराम तपासले आहेत, त्यातला कुठला जवळ आला आहे ते मला कळतं.

वाट बघणारा,
अब्बा


ता. ३० नोव्हेंबर

मोठ्या,

सलाम. घर आता शांत आहे. धाकटी काल तिच्या घरी गेली, तिलाही तिची मुलं आहेत. शेजाऱ्यांनी तीन दिवस चूल पेटवू दिली नाही, डब्यावर डबे येत होते. आज पहिल्यांदा कुणी आलं नाही.

जनाजा उठायच्या आधी तू स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलास आणि मला हळूच विचारलंस, "अब्बा, अम्मी काही म्हणाली का?" मी म्हटलं, "नंतर सांगतो." खोलीत माणसं होती. मग कब्रस्तानातून तू परस्पर निघालास, मी हाक मारली, पण तू मागे बघितलं नाहीस. बघवलं नसेल. फोनवर सांगायचा दोनदा प्रयत्न केला, पण माझा आवाज मध्येच जातो, आणि तू पलीकडून "अब्बा, राहू दे" म्हणतोस. म्हणून हे पत्र.

माझं पहिलं पत्र उशिरा, कुणाबरोबर तरी तुझ्या हाती पडलं तेव्हा तू परगावी होतास, लग्नाची पंगत अंगावर घेऊन. तू धाकटीला फोन केलास. ती सांगते, आधी नुसता भांड्यांचा आवाज येत होता. मग म्हणालास, "उद्या सकाळी निघतो. आज ही पंगत टाकून येता येत नाही." त्याचं तू स्वतःला लावून घेऊ नकोस. इतकी माणसं जेवायची थांबली असताना तू निघून आला असतास, तर तिनेच तुला दारातून परत पाठवलं असतं. भुकेल्याला जेवू घालण्याहून मोठं काम तिच्या लेखी नव्हतं. दोष कुणाचा हे मी आता शोधत नाही. ते काम मी नोकरीबरोबर सोडलं.

काही आणू नकोस म्हणून मी लिहिलं होतं, तरी तू टेम्पोवाल्याबरोबर डबा पाठवलास. त्याच दुपारी आला. तो बिचारा डबा मांडीवर धरून आला होता. म्हणाला, "उस्तादांनी सांगितलंय, हिंदकळता कामा नये."

धाकटीने झाकण उघडलं. पातळ सूप होतं, तीनतीनदा गाळलेलं, कण म्हणून नाही. वास आला आणि अम्मीने डोळे उघडले. कुणी सांगायच्या आधीच म्हणाली, "त्याचं आहे?" धाकटी म्हणाली, "त्याचंच."

तिने उठवून बसवायला सांगितलं. पाठीला उशा लावल्या. धाकटी भरवायला गेली तर मान हलवली, चमचा स्वतःच्या उजव्या हातात मागितला. मी खालून मनगट धरलं, तिला कळणार नाही इतपत. बिस्मिल्ला म्हणाली आणि वाटीतलं आपल्या बाजूचं घेतलं. आपण तिघंच होतो, वाटी तिची एकटीची होती, तरी एका ताटात जेवताना घ्यावं तसं आपल्या पुढ्यातलंच. म्हणजे मी, ती आणि धाकटी. 'आपण' लिहिलं, ते 'आम्ही' असं वाच.

पहिला चमचा खाली उतरायला फार वेळ लागला. आम्ही तिच्या गळ्याकडे बघत होतो. उतरला. मग तिने दुसरा घेतला. धाकटी रडायला लागली, मी तिला डोळ्यांनी दटावलं. तिसरा घेतला. आठवडाभरात एका बैठकीला तिने एवढं घेतलं नव्हतं.

मग तिने चमचा वाटीत ठेवला. मला वाटलं, आता वाटी पुढे सारेल. हात वाटीवर होताही. पण तिने वाटी सारली नाही. ती म्हणाली,

"मीठ कमी आहे."

मोठ्या, माझ्या संसारात मी तिच्या तोंडून असं वाक्य ऐकलं नव्हतं. मी केलेला तो मऊ भात, कधी करपट, कधी चिकट, तिने मुकाट खाल्ला होता. धाकटी रडता रडता हसली, "अम्मी! अगं, तू नाव ठेवलंस!"

"ठेवलं," ती म्हणाली. "त्याला सांगा. मीठ कमी आहे. पुढच्या वेळी बघून घाल म्हणावं."

एवढंच म्हणाली. मग वाटी दोन्ही हातांत धरून बसली, आणि हात गळून गेले तेव्हा मी ती काढून घेतली. ती झोपली. सकाळी तू निघायच्या आधीच ती गेली होती. झोपेतच. मी शेजारी होतो.

ती वाटी मी बाजूला ठेवली होती. त्या संध्याकाळी ती झोपलेली असताना मी उरलेलं चाखून पाहिलं. मला चवीतलं काही कळत नाही असं तुम्ही सगळे म्हणता, म्हणून धाकटीलाही चाखायला लावलं.

मीठ बरोबर होतं, मोठ्या. अगदी बरोबर होतं.

तिच्या जिभेची चव गेली होती, की आणखी काही, हे ठरवायला मला सांगू नकोस. मी एवढंच बघितलं की बोलायला तिला किती त्रास होत होता, आणि तरीही तुझ्या अन्नापुढे ती गप्प राहिली नाही.

तू विचारलंस, अम्मी काही म्हणाली का. हेच म्हणाली.

मला भूक लागत नाही. मौलाना रोज येऊन पुढ्यात बसतात, चार घास पोटात गेल्याशिवाय उठत नाहीत, म्हणून चाललं आहे. तू कधी येशील ते तुझं तू ठरव, मी तारीख विचारणार नाही. दाराला कडी लावत नाही. आणि हे वाचत असशील तर चुलाणापुढे उभ्या उभ्याच वाचत असशील, सगळ्यांना वाढून झाल्यावर, स्वतः काही न खाता. धाकटी सांगते, हल्ली तू तसंच करतोस.

जेवून घे, बाळा.

तुझा,
अब्बा